चार नंबरचा मेंढा

झरी, ता. जि. परभणी
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निकिताताईंना झरीहून सटवाजीमामाचा आशीर्वाद.

तुम्ही, जावईबापू, लेकरू आणि घरातली मोठी माणसं सुखरूप असाल, असं धरून लिहायला बसलो. इकडं आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. थंडी पडली की दगडाबाईचे गुडघे धरतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. औंदा पाऊस लय झाला, कापूस काळा पडला. तूर बरी आहे. मी सातवी शिकलेला माणूस, अक्षर समजून घ्या.

पत्ता तुमच्या वडिलांनी दिला. दिवाळीत धाकट्या लेकीकडं चारठाण्याला गेलो होतो, तिथं बाजारात व्यंकटराव भेटले. त्यांनी मला लगेच ओळखलं, चहा पाजला. ते काय बोलले ते पुढं लिहितो. आधी दुसरं लिहू द्या.

मी अजून परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजात त्याच मेंढ्यांच्या शेडवर कामाला जातो. पिंजरे नवीन रंगवलेत. नवी पोरं येतात, मोबाईलवर वजनं टिपतात. चांगली आहेत. पण गव्हाणीत उरलेलं गवत काडी काडी वेचून तराजूवर ठेवणारं तुमच्यानंतर कोणी आलं नाही. मूत्राची बाटली काढताना थेंब सांडला तर तुम्ही वहीत लिहायच्या, ‘एक थेंब सांडला.’ मी हसायचो. तुम्ही म्हणायच्या, “मामा, हसू नका. जे पोटात गेलं आणि जे बाहेर आलं, त्याचा मेळ लागला पाहिजे. तेच माझं सगळं शिक्षण आहे.”

तुमचा प्रयोग मला अजून तोंडपाठ आहे. आठ मेंढे. आठांनाही वाळलेलं गवत. एक ते चारला नुसतं गवत, पाच ते आठला गवतावर सरकीची पेंड. मी विचारलं होतं, गवतानं पोट भरतं की, मग पेंड कशाला? तेव्हा तुम्ही उकिडव्या बसून मला समजावलं. म्हणाल्या, “पोट भरतं, पण अंगी लागत नाही. मेंढीच्या पोटात बारीक जीव असतात, ते गवत फोडतात. त्यांना पेंडीतलं नत्र मिळालं तर तेच गवत दुप्पट कामाला येतं. नाही मिळालं तर मेंढरू खातंय खातंय आणि वाळतंय.” जन्म मेंढरांमागं गेला माझा, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

खातंय आणि वाळतंय. ते मी रोज पाहत होतो.

चार नंबर आमच्या घरचा होता हे तुम्हाला ठाऊक होतं. आमच्या कळपातले सहा मेंढे कॉलेजनं घेतले, त्यातला तो. त्याची माय जिंतूर रोडला टिप्परखाली गेली तेव्हा तो चार दिवसांचा होता. दगडाबाईनं शेळीचं दूध बाटलीनं पाजून त्याला वाढवला. गुंड्या म्हणायची ती त्याला. घरात चुलीपाशी झोपायचा. हाक मारली की आमच्या पोरांच्या आधी तो यायचा.

तो नेमका नुसत्या गवताच्या रांगेत आला. चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, तुमचा काही दोष नाही. पण मी सकाळी पेंडीचं घमेलं घेऊन पाच नंबरकडं निघालो की तो पिंजऱ्याच्या गजातून तोंड बाहेर काढून ओरडायचा. त्याला वाटायचं, मी त्याच्यासाठीच आलो. दहाव्या दिवशी त्याच्या पाठीचा कणा हाताला लागला.

ताई, अकराव्या दिवसापासून मी त्याला पेंड घातली. सकाळी तुम्ही यायच्या आधी एक मूठ आणि संध्याकाळी तुम्ही गेल्यावर एक मूठ. एकही दिवस चुकलो नाही. तुम्ही त्याच्या मागं पिशवी बांधून लेंड्या गोळा करत होत्या, त्या सात दिवसांत सुद्धा.

लिहिलं एकदाचं. हे लिहायला मला चार वर्षं लागली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून लिहितो. एक, दोन, तीन नंबर वजनात उतरले आणि चार नंबर चढला. त्याच्या लेंडीत आणि मूत्रात जे नत्र निघालं, तेवढं त्या गवतात नव्हतंच. तुम्ही तीन वेळा तपासणी केली, तिन्ही वेळा तेच आलं. तुमचे गाईड, मोठे सर, शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “नत्र काय आभाळातून आलं? नमुने मिसळले, नाहीतर आकडे घरी बसून लिहिले. एक आकडा खोटा निघाला की बाकीच्यांवर मी कसा विश्वास ठेवू?”

सर गेल्यावर तुम्ही माझ्याकडं आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, “मामा, चार नंबरला कोणी काही घातलं का? मी रागावणार नाही. मला फक्त कळू द्या.”

मी त्याच्याच पाठीवर हात ठेवून म्हणलो, “न्हाई ताई. कोण घालंल?”

तो माझ्या खिशाला नाक लावून हुंगायला लागला होता. खिशात पेंडीचा चुरा होता. तुम्ही पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, “किती लळा आहे हो तुमचा त्याला.”

ते हसू मी विसरलो नाही. काम जाईल म्हणून भ्यालो, हे खरं. पण त्याहून जास्त लाज वाटली. तुम्ही मला चोर समजत नव्हत्या, आणि ते मला जपायचं होतं.

सरांनी प्रयोग मोडीत काढला. तो परत करायला तुम्हाला आणखी एक वर्ष लागणार होतं. व्यंकटरावांनी ते दिलं नाही. उन्हाळ्यात तुमचं लग्न झालं. पत्रिका आली होती, मी आलो नाही. दगडाबाईला सांगितलं, ताप आहे. ज्याच्यासाठी हे केलं, तो गुंड्याही लिलावात गेला. खाटीक त्याला टेम्पोत चढवत होता तेव्हा मी शेडमागं जाऊन उभा राहिलो.

इतकी वर्षं मनाला समजावलं, की शिक्षण अर्धं राहिलं, पण पोरगी चांगल्या घरी पडली. मग चारठाण्यात व्यंकटराव भेटले. चहा निवत होता, तरी ते कपाकडं बघत नव्हते. म्हणाले, “घर चांगलं हाय, मामा. जावई देवमाणूस हाय. पण पोरीचं काय करावं? एका डेअरीत दूध तपासायची नोकरी चालून आली व्हती. न्हाई म्हणली. म्हणती, बाबा, मला मोजता येत न्हाई. लेकराच्या औषधाचा चमचा बी नवऱ्याला दोनदा दाखवती. मीच तिला शिकू द्यायला पायजे व्हतं.”

तो बाप स्वतःला दोष द्यायलाय, आणि मी समोर बसून त्याचा चहा प्यायलो.

घरी येऊन दगडाबाईला सगळं सांगितलं. ती निवडायला घेतलेली डाळ तशीच ठेवून बसली. म्हणाली, “मेंढरावर दया केली तुमी. लेकरावर न्हाई केली.”

तिसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांकडं गेलो. ते औंदा रिटायर व्हायलेत. ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, “मूठ म्हणजे किती?” मला शेडवर नेलं, पेंडीत हात घालायला लावला आणि मूठ तराजूवर रिकामी करायला सांगितली. पाच वेळा. साठ ग्रॅमच्या आसपास भरली. मग कपाटातून तुमची वही काढली. त्यांनी ती टाकली नव्हती. माझ्या दोन मुठी तुमच्या आकड्यांत धरून ते हिशेब करत बसले.

मी उभाच होतो. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “सटवाजी, मेळ लागतोय. जवळजवळ ग्रॅमाला ग्रॅम. पोरीनं तुमची चोरी वहीत पकडून ठेवली होती. मी वाचली नाही.”

तुमची मुदत केव्हाच संपली, पदवीचं आता काही होणार नाही, असं सर म्हणाले. मी विचारून पाहिलं, दोनदा विचारलं. ते स्वतः तुम्हाला पत्र लिहिणार आहेत. मी त्यांना सहीनिशी जबाब लिहून दिलाय, त्याची एक प्रत सोबत ठेवली आहे. व्यंकटरावांनाही जाऊन सांगणार आहे. त्यांनी मारलं तरी चालेल.

माफी मागायला बसलो होतो. दगडाबाईनं हात धरला. म्हणाली, “माफी मागू नका. मग ती द्यायची का न्हाई, याचा घोर परत तिच्याच जिवाला. नुसतं खरं सांगा.” म्हणून मागत नाही.

ताई, तुमचा हात चुकला नव्हता. डोळाही चुकला नव्हता. त्या शेडमध्ये एकच गोष्ट खोटी होती, आणि ती तुमच्या वहीत नव्हती.

ती खोटी गोष्ट बोललेला,
सटवाजी