दोष धुराचा न्हाई

मिरज, शुक्रवार

नूरीनच्या अब्बांना फरीदाचा सलाम.

फोनवर दोन शब्द बोलले की खोकला धरतो, म्हणून लिवते. ताप उतरलाय, जेवण जातंय. तुमचा गुडघा कसा हाय? नूरीन वेळेवर जेवती का?

आज डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. छातीतल्या गाठीवर रेडिएशनचे शेक दिले, त्या शेकांनीच फुप्फुसाला सूज आली. ती अशीच दोन-तीन महिन्यांनी वर येते म्हणं. तुमच्या कल्हईच्या धुरानं न्हाई.

सुजंच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात. मी रमजानात दिवसाच्या गोळ्या एकदम सोडल्या. आजाऱ्याला रोजा माफ असतो, असं तुमी म्हणला असता, म्हणून तुमाला विचारलंच न्हाई. सूज परत चढली. तुमी मात्र धुराला दोष देऊन भट्टी बंद केली, आन मी गप बसले. बायका भांडी घेऊन दारातनं परत जात असतील. लय रागवा, पण भट्टी पेटवा. वाटलं तर रस्त्याकडंला मांडा.

आपल्या घराला तेरा पायऱ्या. इथल्या दवाखान्याच्या जिन्यावर मी रोज चढून बघते. काल सातवीपर्यंत गेले. आज पाचवीवरच बसले.

दुवा करा.

तुमची फरीदा