बरणीवरचं नाव

आई, मंगळवार, चार मार्च, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. साउथहॅम्प्टनच्या आमच्या लायब्ररीत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलीने तुझी बरणी युरोपच्या टेबलावरून उचलली. ‘सो लव्हली,’ म्हणाली, ‘पण साउथ एशियाचं टेबल तिकडे, खिडकीपाशी.’ युरोप एकेकाळी मधोमध तुटलेला होता, आता पूर्व-पश्चिम दोघांनी आपापल्या आठवणी एकत्र मांडायच्या, असा तो कार्यक्रम. घरातली एखादी वस्तू आणायची. मी नेल्या शेपू-लसूण घालून मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या, तुझ्या पद्धतीच्या. म्हणजे वळिवड्याच्या छावणीतल्या त्या पोलिश बाईच्या, जिच्याकडे तू लग्नाआधी दुधाचा रतीब घालायचीस.

मी काय गप्प बसणार? ‘बाळ, युद्धात या पोलिश माणसांना तुमच्या युरोपात जागा नव्हती, तेव्हा ती कोल्हापूरजवळ राहिली,’ म्हटलं. कंटाळा आलाय गं याचा. चाळीस वर्षं या देशाला भूगोल शिकवतेय, बिनपगारी. शेजारी एक म्हातारे पोलिश गृहस्थ उभे होते. त्यांनी न विचारताच झाकण उघडून काकडी चावली. ‘आमचीच आहे,’ म्हणाले, ‘फक्त लसूण जास्त झालाय.’ मुलगी वरमली. बरणी परत टेबलावर आली. मग तिने फॉर्म पुढे केला: ही आठवण युरोपातल्या कोणाची, त्या व्यक्तीचं नाव लिहा; नाव नसेल तर वस्तू या टेबलावर राहणार नाही.

मला त्या बाईचं नाव माहीत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये नववीत होते मी. तू स्वयंपाकघरात खाली बसून काकड्या भरतेयस, सांगतेयस, ‘मला जवळ बसवून घ्यायची बघ ती, तिचं नाव...’ आणि मी वहीतून मान वर न करता म्हणते, ‘दूध घालायला गेलीस म्हणजे युरोप कळला होय तुला? ती त्यांची आठवण आहे, तुझी नव्हे.’ तू बरणीच्या तोंडाला फडकं बांधतेस. काकड्या पुढेही दर वर्षी झाल्या. ती बाई तुझ्या बोलण्यात पुन्हा आली नाही.

त्या मुलीविरुद्ध तक्रार लिहायला बसले होते. दोन ओळी लिहून कागद फाडला. वाक्य माझंच होतं, तिने फक्त इंग्रजीत म्हटलं.

तू आता नाहीस, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, ठाऊक आहे मला. पण रकाना रिकामा राहिला तर बरणी खिडकीपाशी जाणार, आणि फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतच घेतात. त्याआधी मला तिचं नाव लेखी हवंय. तुला लिहिता येत नव्हतं, ही सबब मी ऐकणार नाही.