चार खानावळी आणि एक सही

बोईसर, ५ जानेवारी

प्रिय शालूताई,

१. १२ डिसेंबरला कंपनीच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक बाटली फुटली.
२. वाफ माझ्या नाकात गेली.
३. तेव्हापासून मला वास येत नाही.

काळजी करू नकोस, बाकी तब्येत ठीक आहे. फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारीच असते, तिला कळू नये म्हणून हे पत्र. तिचे गुडघे कसे आहेत?

खोलीपासून चालत जाता येईल अशा चार ठिकाणी जेवून पाहिलं. आंध्र मेसमधलं लोणचं झोंबलं, पण कशाचं ते कळलं नाही. केरळी हॉटेलातली मासळी आणि बिहारी ढाब्यावरची सत्तू भरलेली लिट्टी डोळे मिटले तर चवीला सारखीच. शेवटी लाडकीमावशींच्या खानावळीत सुके बोंबील मागवले.

"बोंबलाचा वास नाय येत? मंग नशीबवान हाय तू, बाय!" मावशी म्हणाल्या. मी हसले. जेवण मात्र संपवता आलं नाही.

वास सर्दीमुळे गेला, असं लिहिलेल्या कागदावर कंपनीला माझी सही हवी आहे. केली नाही तर नोकरीत कायम करणार नाहीत. केली तर बाटली फुटलीच नव्हती, असं होईल.

कागद २० तारखेला द्यायचा आहे. सही करू की नको, ते १८ तारखेपर्यंत कळव.

तुझी,
दीपिका