विहिरीतलं कासव

रत्नागिरी, रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

शेजारच्या काकूंच्या विहिरीतलं कासव काल पोहऱ्यात आलं. मानेला, पायांच्या बेचक्यात जळवाच जळवा! पाणी स्वच्छ राहावं म्हणून काकूंनीच ते तळीतून आणून सोडलेलं. उन्हात अंग वाळलं की जळवा गळतात, पण विहिरीत चहूकडून उभे चिरे, उन्हात बसणार कुठे बिचारं? मिठाच्या पाण्यात ठेवून जळवा सोडवल्या, आज अंगणात उन्हाला ठेवलं. तर मान केवढी लांब केली त्याने! विहिरीतून वर बघतानाही अश्शीच करायचं. काकू रोज पाणी काढताना त्याच्याशी बोलायच्या.

"परत तळीत सोडू या," म्हटलं. चिडतील वाटलं. पण काकू त्या लांब मानेकडे बघत म्हणाल्या,

"उन्हासाठी वर बघायचं होय गो ते? मला वाटे, मला ओळखतं."

ओळखतही असेल. हे मला तिथेच का नाही सुचलं?