चपला दुकानात ठेवून जा

अण्णा, आता मीही तुमच्यासारखीच परगावच्या लोकांना वाट दाखवते. तुम्ही औंढ्याला देवळासमोर नारळ-फुलांच्या दुकानात बसून दाखवायचात, मी घरात लॅपटॉपसमोर बसून. पुण्याची एक कंपनी आपल्याकडच्या लोकांना पार कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर फिरायला नेते. तिथं पोचलेल्यांचे मेसेज मला येतात. लेकरांना घेऊन कुठल्या किनाऱ्यावर जावं, कासवं कुठं दिसतात, काचेच्या तळाची होडी कुठून सुटते, सगळं मी सांगते. तिथल्या गुहेत उतरणाऱ्यांना न चुकता लिहिते, डोकं सांभाळा. नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरणाऱ्यांना तुम्ही हेच सांगायचात. समुद्र मात्र मी अजून टीव्हीतच पाहिलाय.

गेल्या महिन्यात फजिती झाली. नागपूरच्या एका काकूंनी विचारलं, वाळूत जाताना चपलांचं काय करायचं? मी बिनदिक्कत लिहिलं, समोरच्या दुकानातून नारळपाणी घ्या आणि चपला तिथंच ठेवून जा. तुमच्याकडं नारळ घेतला की चपलांचं वेगळं विचारावं लागायचं नाही. "ठेवा इथंच, बिनघोर जावा," म्हणायचात. काकू परत येऊन बघतात तर चपला गायब, आणि दुकानदार विचारतोय, कसल्या चपला? तापल्या डांबरावरून बाई हॉटेलपर्यंत अनवाणी गेल्या.

कंपनीचे साहेब रागावले नाहीत, पोट धरून हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा तिथं जाऊनच या. आठवडाभर राहा, खर्च कंपनीचा."

तुमच्या मागं आईला लकवा झाला. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं माझ्याकडंच. या दोन खोल्यांत कधीकधी इतकं कोंडल्यासारखं होतं की दार उघडं असूनही श्वास पुरत नाही. बेटाचं सांगितलं तर तिलाच माझ्यापेक्षा आनंद. "जाय की माय! काहून अडून राहिलीस? मावशी राहीन की मह्याजवळ." आणि मावशी खरंच हट्टा गावाहून कपड्यांची पिशवी घेऊन हजर झाली.

तुम्ही दर वर्षी म्हणायचात, यंदा कोकणात जाऊ, पोरीला समुद्र दाखवू. मग श्रावणाची गर्दी यायची, मग महाशिवरात्र. "दुकान कुणाच्या भरवशावर टाकू?" मला त्या दुकानाचा भारी राग यायचा. त्यानंच तुम्हाला बांधून ठेवलंय असं वाटायचं. तुम्ही गेल्यावर ते दुसऱ्याला दिलं, तेव्हा मी रडलेसुद्धा नाही.

काल मी साहेबांना मेसेज करून कळवलं, आईला सोडून येता येत नाही. त्यांना लगेच पटलं. अशा कारणाला कोण काय म्हणणार? मावशी तेव्हा शेजारीच आईचे केस विंचरत होती. मी भ्याले, अण्णा. विमानाचं काही वाटत नाही. पण समुद्र डोळ्यांनी पाहायचा आणि परत याच दोन खोल्यांत येऊन बसायचं, ते मला झेपणार नाही. तुम्हालाही दुकानाचं निमित्तच होतं का?

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. आईला अजून काही बोलले नाही. मावशीनं विचारलं, कधी निघतीस? मी म्हटलं, श्रावण झाला की जाते.