लोखंडाचा वेठ्या

मोखाडा, ता. ४ ऑक्टोबर १९११

तीर्थरूप दादांस नवसूचा सा. न. वि. वि.

नाशकास तंबूत हलती चित्रे पाहिली. माणसे यंत्रात बसून चंद्रावर जातात! मला चंद्र नको; पण असे यंत्र आपल्या घाटात का नसावे? म्हणून गोष्ट लिहिली. शंभर वर्षांनी मोखाड्यात लोखंडाचा वेठ्या येतो. सहा पाय, पोटात वाफ. साहेबांचे तंबू, खाटा, पेट्या एकटाच वाहतो, आणि फुकट ओझी वाहायला शेतातून कोणाला उठवीत नाहीत. माझ्या शाळेत मुलांना वाचून दाखवली, तर त्यांच्यामागून बाप्येही येऊन बसले. रखमी म्हातारीने विचारले, हा खातो काय? लाकडे, म्हटले. म्हणाली, मग ती तोडायला आम्हांलाच नेतील.

वही सोबत धाडली आहे. तुम्ही कचेरीतले जाणते. कान धरायचा तर धरा. वहिनींस नमस्कार. माया असू द्यावी.

आपला नवसू


जव्हार, ता. १९ ऑक्टोबर

चि. नवसूस रघूचे अनेक आशीर्वाद.

वही वाचून पोट दुखेस्तोवर हसलो. रखमी तुझ्याहून हुशार! आमच्या साहेबांना यंत्रांचा भारी शौक, म्हणून त्यांनाही वाचायला दिली. लिहिणारा माझा धाकटा भाऊ, हेही ऐटीत सांगितले. तुला जव्हारच्या शाळेत मास्तर म्हणून आणवतो की नाही बघ. जिवाला जप, पत्र टाकीत जा.

रघू


मोखाडा, ता. २६ नोव्हेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

ऐन कापणीत तुमच्या साहेबांचा दौरा आला. आपल्या गावच्या लहान्याला वेठीचे बोलावणे गेले, तर तो खळ्यावरून हलेना. म्हणाला, मास्तरांच्या वहीत आहे, ओझ्याला यंत्र येणार. तोवर पेट्या इथेच राहू देत. लोक हसले. साहेब हसले नाहीत. लहान्याला उन्हात ओणवा करून पाठीवर धोंडा ठेवला. ती नुसती गोष्ट आहे, असे मी हात जोडून सांगितले. कोणी ऐकले नाही.

दादा, तिथे तुमचा शब्द चालतो. लहान्याची चूक नाही, एवढे तरी सांगा. वाट पाहतो.

नवसू


जव्हार, ता. ८ डिसेंबर

चि. नवसूस आशीर्वाद.

साहेबांनी विचारले, भावाच्या विचारांशी तुझा संबंध काय? मी म्हटले, काही नाही, चुली वेगळ्या आहेत. लहान्याचा विषय काढता आला नाही. तुला शाळेतून काढल्याचा हुकूम निघाला आहे. अक्षर ओळखशील, लिहायला मलाच बसवले. मला दोन मुली आहेत, हे ध्यानात घे. मनात अढी ठेवू नये.

रघू


मोखाडा, ता. ३० जानेवारी १९१२

रघुनाथराव यांस,

मास्तर होतो तोवर मला वेठ माफ होती. मंगळवारी साहेबांचा मुक्काम खोडाळ्याला हलला, तेव्हा लहान्याबरोबर मलाही धरले. पुढे तट्टावर तुम्ही होता, पाठीवरून ओळखले. तुम्ही मागे पाहिले नाही. चढावर लहान्या म्हणाला, मास्तर, तुमची पेटी जड दिसते, माझी घ्या. मी दिली नाही. तिच्यावर पांढऱ्या रंगात तुमचे नाव होते. लहान्याला वाचता येत नाही. मला येते.

खांदा सुजला आहे. उत्तर पाठवू नये.

नवसू