स्वखुशीने काम सोडले

सर, सहावीत मी भर वर्गात तुम्हाला विचारलं होतं, "सर, तुमी मुसलमान असून मराठी कशी काय शिकवता?" तुम्ही रागावला नाहीत. "आधी तुझी वही आण," म्हणालात, आणि लाल शाईनं एका पानावर सतरा चुका दाखवल्यात. पुढं मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. पाथरीहून जीपनं आमच्या शाळेत आलात, व्हरांड्यात बसून पाणी प्यालात. "आता ह्या लेकरांसाठी तूच सरकार हायेस," म्हणालात. "सरकारला धर्म नसतो, एवढं ध्यानात ठेव." मी हसले. तुम्ही हसत नव्हतात.

आता मी तिथंच मुख्याध्यापिका आहे. दोन महिन्यांमागं तालुक्याला मिरवणुकीत दगड पडले, मग दुकानं जळाली. आमच्या गावात काही झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. तिसऱ्या दिवशी सात-आठ पालक ऑफिसात आले. शाळेत खिचडी शिजवणारी बाई तुमच्या समाजाची, विधवा. अकरा वर्षांत तिनं चूल कधी चुकवली नाही. "मॅडम, तिच्या हातचं आमची लेकरं खाणार न्हाईत." मी आवाज चढवून म्हटलं, ही सरकारी शाळा आहे, इथं असलं चालणार नाही. दुपारी मुलं रांगेत बसली, पण ताटं पालथी. दुसरीतली एक पोरगी तिला विचारते, "चाची, तुमी खिचडीत काय टाकता?" ती डाव पातेल्यात ठेवून वर झाकण लावते.

चार दिवस पातेलं भरलेलंच राहिलं. पाचव्या दिवशी तिनं स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या मॅडम. लेकरं उपाशी राहायलीत, मला बघवंना." मी तिला थांबवलं नाही. माझ्याच अक्षरात लिहिलं, 'स्वखुशीने काम सोडले'. तिनं ते सावकाश वाचलं आणि सही केली. आता ती कापूस वेचायला जाते. रस्त्यात भेटली की तीच विचारते, "बऱ्या हाव का मॅडम?"

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र मी कुठं टाकणार? पालकांना दोष देऊन मी मोकळी होते, पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मुलांच्या आधी खिचडीची चव मुख्याध्यापिकेनं घ्यायची असा नियम आहे. पालक आले त्या दुपारी ते सगळे दारात उभे राहून बघत होते. तिनं रोजच्यासारखी वाटी माझ्यापुढं धरली. मी म्हणाले, "आज माझा उपास आहे."

उपास नव्हता, सर.